मच्छिंद्र वस्तादाने लावलेली जोड

मिरजगावच्या मच्छिंद्र वस्तादाला राग येत नसे. यायला तो आधी कुठेतरी गेलेला असावा लागतो, आणि मच्छिंद्रचा राग कायम घरीच मुक्कामाला असे. पहाटे धारा काढताना तो शेजारच्या गोठ्यात लावलेल्या गाण्यांवर चिडायचा. नऊची एसटी उशिरा आली की फाट्यावर जाऊन कंडक्टरला झापायचा, स्वतःला कुठेही जायचं नसलं तरी. दुपारी भाकरी नीट फुगलेली, कालवण बेताचं तिखट, असं सगळं जागच्या जागी असलं की बिचारा गप्प बसून जेवायचा, आणि बायको लंकाबाईला वाटायचं, यांना बरं नाही की काय.

वर्षातला एक दिवस मात्र हा राग गावाच्या कामी यायचा. चैत्रात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. हलगी घुमायला लागते, लंगोट लावलेली पोरं मैदानाला फेरी मारतात आणि पंच एकेकाला धरून कोणाची कोणाशी जोड लावायची ते ठरवतात. वजनकाटा नसतो. पंचाची नजर आणि पंचाचा हात, एवढ्यावर सगळं चालतं. मच्छिंद्र पोराचं मनगट हातात घ्यायचा, अंगठ्याने दाबून बघायचा, मान बघायचा, कान बघायचा आणि मग एरवी कधी न ऐकू येणाऱ्या हळू आवाजात विचारायचा, "लढतो का?" पोराने डोळ्याला डोळा दिला तर जोड लागली. पोराची नजर मातीकडे गेली तर नाही लागली, मग मागे आमदार उभा असो की सरपंच. बारा वर्षांत त्याची एक जोड चुकली नव्हती. चौंडी, माही, कोंभळीपर्यंतची माणसं सांगायची, जोड लावावी तर मच्छू वस्तादाने.

त्या आधी हे काम काकासाहेबांकडे होतं. काकासाहेब वयाने मोठे, गावात मान असलेले, मच्छिंद्रलाही पहिला डाव शिकवलेले. एका वर्षी त्यांनी नुकताच टायफॉइडमधून उठलेला एक पोरगा एका दणकट गड्यापुढे उभा केला. वजनं जुळत होती, उंची जुळत होती. दुसऱ्याच मिनिटाला पोराचा खांदा निखळला. मच्छिंद्र तेव्हा कडेला बसला होता. तो उठला, लाउडस्पीकरवाल्याच्या हातातला माईक हिसकावून घेतला आणि चार हजार माणसांपुढे म्हणाला, "काकासाहेब, वजन बगितलं, मान बगितली. पैलवानाला इचारलं का?" काकासाहेबांनी फेटा सारखा केला, चपला घातल्या आणि ते घरी गेले. त्यानंतर ते हगाम्याला कधी आले नाहीत. ते वाक्य मात्र गावात राहिलं. ग्रामसभेत एखादा ठराव घाईने मंजूर व्हायला लागला की मागून कुणीतरी हमखास म्हणतं, पैलवानाला विचारलं का, आणि सगळे हसतात. मच्छिंद्रला त्या वाक्याचा अभिमान होता. असणारच. माणसाच्या तोंडून आयुष्यात एखादंच बरं वाक्य निघतं.

मच्छिंद्रला एकच लेक, राजनंदिनी. आठवीपर्यंत तीही मातीत खेळली. तेराव्या वर्षी लंकाबाईने सांगितलं, आता पुरे. ज्या माणसाने एसटीच्या कंडक्टरलाही कधी सोडलं नाही, तो त्या दिवशी काही बोलला नाही. पोरीचे कुस्तीचे कपडे ट्रंकेत गेले. पोरगीही बोलली नाही. पण ती वस्तादाचीच पोर, राग तिलाही होता. फक्त बापाचा राग गावभर फिरायचा आणि तिचा घरात दार लावून बसायचा.

अकरावीत असताना तिच्या मामाने, हर्षलने, पुण्याहून येताना आपला जुना गेमचा कन्सोल आणून दिला. टीव्हीला जोडायचा चौकोनी डबा आणि दोन हातांत धरायचा कंट्रोलर. मामाची अपेक्षा होती की पोरगी गाड्या पळवेल. पोरगी बंदुकीच्या खेळात शिरली आणि तिथंच राहिली. आता ती कर्जतच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि पुण्या-नाशिकची पोरं नेटवर तिचं नाव बघून लॉबी, म्हणजे खेळायला जमायची जागा, सोडून जात होती.

मच्छिंद्र आधी या डब्यावरही चिडला. मग एके दिवशी पाय दुखत होता म्हणून तिच्या मागे खाटेवर पडून बघत राहिला आणि उठून बसला. पोरगी पळत सुटत नव्हती. भिंतीच्या कडेला थांबत होती, समोरच्याला आपल्या अंगावर येऊ देत होती, तो हाताच्या टप्प्यात आला की संपवत होती. "आगं, ही तर पटात घेन्याची येळ साधती," असं तो स्वतःशीच बोलला. गडी अंगावर आला की त्याचे पाय ओढून पाडायचं, तो पट. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी मागे बसायचा. खेळ त्याला किती कळायचा, हा प्रश्न वेगळा. तो कधी काही विचारायचा नाही. वस्तादाने विचारायचं नसतं, सांगायचं असतं, असा त्याचा समज.

विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. या खेळात दोन जातीचे लोक असतात. एक कन्सोलवाले, एक कॉम्प्युटरवाले. कॉम्प्युटरवाल्याच्या हाताखाली माउस असतो. तो अख्खा हात सरकवतो आणि निशाण क्षणात इकडून तिकडे जातं. कन्सोलवाल्याला तेच काम अंगठ्याने एक इवलीशी दांडी ढकलून करायचं असतं. बघता बघता समोरचा गोळी घालून मोकळा होतो. म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी कंट्रोलरला थोडी मदत दिलेली असते. निशाण शत्रूच्या जवळ गेलं की जरासं चिकटतं. त्याला म्हणतात एम असिस्ट. पूर्वी दोघांची मैदानं वेगळी होती, आता क्रॉसप्ले आलं, सगळे एकाच मैदानात. तेव्हापासून भांडण पेटलेलं आहे. कॉम्प्युटरवाले म्हणतात, ही मदत म्हणजे चोरी, जवळून कन्सोलवाला चुकतच नाही. कन्सोलवाले म्हणतात, लांबून तुम्ही आम्हाला माशीसारखं टिपता ते काय आहे मग? दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. मिरजगावात हे सगळं एकट्या राजनंदिनीला माहीत होतं.

दिवाळीनंतर लंकाबाईने स्थळाचा विषय काढला. राशीनचे पाहुणे, पोरगा बँकेत, जमीन बागायती. राजनंदिनी ताट ठेवून उठून गेली. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. नवव्या दिवशी ती बापासमोर येऊन उभी राहिली. नगरला या खेळाची जिल्ह्याची स्पर्धा आहे, जो पहिला येईल तो पुण्याला राज्याला जाणार, आणि तिथं एका संघाचे लोक खेळाडू निवडायला येणार, हे तिने एका दमात सांगितलं.

मच्छिंद्रने मांडीवर थाप मारली. "जिंकून दाखीव. जिंकलीस तर दोन वरसं या घरात कुनी स्थळाचं नाव काढायचं न्हाई. माझा सबुद हाय."

"आनि हरले तर?" राजनंदिनीने विचारलं.

"तर मंग पाव्हनं येत्याल," आतून लंकाबाई म्हणाली.

असं ते ठरलं. आता एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या घरात पोरीचा मोबाईल नंबर परक्याला द्यायचा नाही, असा लंकाबाईचा दंडक होता. कॉलेजच्या फॉर्मवर, गॅसच्या नोंदणीवर, सगळीकडे बापाचा नंबर. राजनंदिनीने स्पर्धेचा फॉर्म भरला तेव्हा मोबाईल क्रमांकाच्या रकान्यात सवयीने तोच टाकला. खाली 'कन्सोल'वर खूण केली आणि निर्धास्त झाली.

दहा-बारा दिवसांनी सकाळी मच्छिंद्र डेअरीवर दूध घालत होता. मशीनवर फॅट कमी लागली होती आणि तो डेअरीवाल्याला गाईची सात पिढ्यांची वंशावळ ऐकवत होता. तेवढ्यात फोन वाजला. नगरहून समर्थ म्हणून एक पोरगा बोलत होता. सावेडीत त्याचं गेमिंग कॅफे होतं आणि स्पर्धा तोच भरवत होता.

"काका, राजनंदिनी यांचा नंबर ना? आठ जणांत कन्सोलवाले तिघंच आहेत. त्यांची वेगळी लॉबी लावू, की सगळ्यांना एकत्र खेळवू? बाकी दोघं म्हणाले, कसंही चालेल."

"येगळी कशापायी? आमी काय आजारी हाय व्हय? एकत्र लाव. खुलं मैदान."

"मग काका, एक आहे. एकत्र असेल तर कॉम्प्युटरवाले म्हणतात कंट्रोलरला मिळणारी मदत बंद करा. निशाणाला जो आधार असतो ना, तो. ताईंना चालेल का तेवढं विचारून सांगता?"

पुढं डेअरीवाला दूध ओतून घ्यायला थांबला होता. मागे रांग होती. 'आधार' हा शब्द कानावर पडल्यावर मच्छिंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तिला काय इचारायचंय? वस्तादाची पोर हाय ती. आमचं मानूस आधारावर लढत न्हाई. काढून टाक त्यो आधार."

त्याने फोन खिशात टाकला आणि परत फॅटकडे वळला. घरी गेल्यावर त्याला तो फोन आठवलाही नाही. पुढचे तीन आठवडे पोरगी रोज त्याच्यासमोर खेळत होती, निशाण चिकटत होतं, आणि तो मागे बसून शेंगा फोडत होता.

स्पर्धा रविवारी होती, नगरला एका मंगल कार्यालयात. स्टेजवर जिथं नवरा-नवरी बसतात तिथं दोन टेबलं, दोन स्क्रीन, मागे मोठा पडदा. खाली शंभर-दीडशे पोरं खुर्च्यांवर. पोरी मोजून चार. राजनंदिनी कंट्रोलर घरून घेऊन आली होती, रुमालात गुंडाळून. मच्छिंद्र पांढरी टोपी आणि इस्त्रीची पैरण घालून पहिल्या रांगेत बसला. एकास एक लढत, जो आधी दहा वेळा मारेल तो जिंकला, हरला तो घरी. हे त्याला पटलं. ही तर निकाली कुस्तीच होती.

पहिली लढत बेलापूरच्या एका कन्सोलवाल्या पोराशी झाली. राजनंदिनी जिंकली, पण मच्छिंद्रला काहीतरी खटकलं. ज्या गोळ्या ती डोळे झाकून मारायची, त्या चार चार बोटं बाजूने जात होत्या. बेलापूरच्या पोराचंही निशाण बसत नव्हतं. दोघं अंधारात चाचपडत असल्यासारखे खेळले. ती जिंकूनही खाली उतरली ती तडक बापाकडे आली.

"आण्णा, असिस्ट बंद हाय. निशान चिकटतच न्हाई," ती म्हणाली.

"म्हंजे?"

मग तिने त्याला सांगितलं. जे इतक्या वर्षांत त्याने विचारलं नव्हतं, ते पाच मिनिटांत. माउस काय, दांडी काय, मदत कशासाठी असते, आणि आता पुढची लढत सावेडीच्या कॉम्प्युटरवाल्याशी आहे, तो लहानपणापासून माउसवर खेळतो. "हे म्हंजे माझा येक हात पाठीमागं बांधून मातीत उतरवल्यागत हाय. आनि मला कुनी सांगितलंबी न्हाई. सांगितलं असतं तर म्हैनाभर तशीच मेहनत केली असती."

मच्छिंद्रला एवढंच कळलं, की जोड चुकीची लावली आहे. कुणीतरी, न सांगता, त्याच्या पोरीची चुकीची जोड लावली आहे. बारा वर्षांचा पंच त्याच्या अंगात उभा राहिला. तो स्टेजवर चढला. निवेदन करणाऱ्या पोराच्या हातातला माईक कसा घ्यायचा, हे त्याला शिकवावं लागलं नाही.

"ही जोड मला मान्य न्हाई," त्याचा आवाज हॉलभर घुमला. "कुनी लावली ही जोड? येका गड्याला अख्खा हात आनि येकीला नुसता अंगठा, आनि वरून जी मदत हाय तीबी काढून घेतली. कुनाच्या सांगन्यावरनं? शहरात ऱ्हाता म्हंजे मनाला यील तसं कराल? आमच्याकडं असा पंच मैदानात उभा ऱ्हाऊ देत न्हाईत. पैलवानाला इचारलं का तुमी? सांगा. इचारलं का?"

पोरं मोबाईल वर करून शूटिंग घ्यायला लागली. समर्थ स्टेजच्या बाजूने आला. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, सकाळपासून वायरी जोडून घामेघूम झालेला. त्याने आधी समजुतीने सांगून बघितलं.

"काका, खाली या, आपण बाजूला बोलू."

"बाजूला न्हाई. हितंच बोल. सगळ्यांसमोर."

"काका, मी फोन केला होता."

"खोटं बोलतो. कुनाला केला हुता?"

आता समर्थचीही सहनशक्ती संपली. त्याच्या मोबाईलवर सगळे फोन आपोआप रेकॉर्ड होत. स्पर्धा भरवणाऱ्याला ते ठेवावंच लागतं, कारण हरलेला प्रत्येक जण भांडायला येतो. त्याने शोधून काढलं आणि मोबाईल माईकसमोर धरला. आधी दुधाच्या किटल्यांचा खडखडाट आला. मग हॉलभर, मोठ्या स्पीकरवरून, मच्छिंद्रचाच आवाज आला. तिला काय इचारायचंय. आमचं मानूस आधारावर लढत न्हाई. काढून टाक त्यो आधार.

हॉल हसला. दीडशे पोरं एकदम हसली. मच्छिंद्रच्या हातात माईक तसाच होता आणि त्याला तो कुठं ठेवायचा ते कळेना. त्याला काकासाहेब दिसले. फेटा सारखा करून, चपला शोधणारे काकासाहेब. त्या दिवशी मैदानात त्यांच्या चपला कुणाच्यातरी पायाखाली गेल्या होत्या आणि त्यांना वाकून शोधाव्या लागल्या होत्या, हे त्याला आज आठवलं. त्या वेळी ते दिसलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

त्याने खाली बघितलं. राजनंदिनी हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा तो दार लावून बसलेला राग आता दार उघडून बाहेर आला होता.

समर्थ काही वाईट पोरगा नव्हता. तो उरलेल्या खेळाडूंकडे गेला, असिस्ट चालू करू का म्हणून विचारून आला. ते नाही म्हणाले. नियम सगळ्यांना आधी कळवले होते, आता मधेच कसे बदलणार? त्यांचंही चूक नव्हतं. मच्छिंद्र माईक टेबलावर ठेवून खाली उतरला आणि त्याला जे एकच येत होतं ते त्याने केलं.

"चल," तो पोरीला म्हणाला. "असल्या मैदानात आपन खेळत न्हाई. उचल सामान."

"तुमी बसा," राजनंदिनी म्हणाली. "मी खेळनार हाय."

ती स्टेजवर गेली आणि तिने हेडफोन चढवले. सावेडीचं पोरगं चष्म्याचं, शांत, माउसवर हात ठेवून बसलेलं. पहिल्या तीन गोळ्या तिला लांबून बसल्या, ती वळायच्या आत. तीन-शून्य. मग तिने मोकळ्या जागेत जायचंच सोडून दिलं. अरुंद बोळ, जिना, दाराची कड. समोरच्याला जवळ यायला लावायचं, इतकं जवळ की निशाणाची गरजच पडू नये. चार-दोन, पाच-पाच, सात-आठ. हसणारी पोरं आता खुर्च्यांवरून पुढे सरकली होती. आठ-आठ झाल्यावर मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग त्या चष्मेवाल्याने डाव ओळखला. तो गच्चीवर जाऊन बसला आणि खाली आलाच नाही. तिला जिना ओलांडून जावं लागलं. दोन वेळा तिने त्याला आधी बघितलं, दोन वेळा अंगठा हलवला, दोन्ही वेळा निशाण त्याच्या अंगावरून घसरून पुढे गेलं. दहा-आठ.

ती उठली, त्या पोराशी हात मिळवला, कंट्रोलर रुमालात गुंडाळला. समर्थ म्हणाला, "ताई, असिस्ट असतं तर तुम्ही काढली असती." ती म्हणाली, "मला माहीत हाय." आणि बाहेर चालू लागली.

माळीवाडा स्टँडवर करमाळा गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली, तो शेजारी. गाडी नगरच्या बाहेर पडेपर्यंत मच्छिंद्र समर्थवर चिडला, त्या चष्मेवाल्यावर चिडला, रेकॉर्ड करणाऱ्या मोबाईल कंपन्यांवर चिडला, डेअरीच्या फॅटच्या मशीनवर चिडला. फॅट नीट लागली असती तर तो फोनवर शांत बोलला असता, असंही त्याने सांगून बघितलं. राजनंदिनी बाहेर बघत होती. कांद्याची रानं मागे जात होती, पाणी धरलेलं होतं. रुईछत्तिशी आली. आता चिडायला कुणी उरलं नाही. आत जे उरलं होतं तो राग नव्हता आणि मच्छिंद्रला ते सहन होत नव्हतं. खांद्यावरून ओझं उतरवायचा त्याला एकच मार्ग दिसला.

"हे बघ," तो म्हणाला. "चूक माझी. हरलीस तरी हरकत न्हाई. दोन वरसं दिली तुला. जा."

तिने मान वळवली. दिवसभरात पहिल्यांदा ती त्याच्याशी नीट बोलली, आवाज न चढवता.

"तुमी दिली. तुमीच न्यायची, तुमीच द्यायची. आठवीत कुस्ती सोडवली तवा आईनं ठरवलं आनि तुमी मान हलवली. जिंकली तर दोन वरसं, हरली तर पाव्हनं, हे तुमी ठरवलं. खुलं मैदान तुमी ठरवलं. आता परत दोन वरसं तुमीच ठरवली. गावातल्या शेंबड्या पोराचं मनगट धरून तुमी इचारता, लढतो का म्हनून." ती थांबली. "आण्णा, पैलवानाला इचारलं का?"

तिने तोंड परत खिडकीकडे वळवलं. गाडीत मागे कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघत होतं आणि त्यात कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. मच्छिंद्र आपल्या हाताकडे बघत बसला. हजारभर मनगटं त्या हाताने धरली असतील. हे एक, तान्हेपणापासून घरात असलेलं, त्याने त्या अर्थाने कधी धरलं नव्हतं. आता धरावं असं वाटलं, पण ते त्या क्षणी तिला आवडलं नसतं, एवढं त्याला कळलं. एवढं कळलं हेही त्याच्या मानाने खूपच.

घोगरगावच्या पुढे त्याचा फोन वाजला. लंकाबाई होती.

"जितली का?"

"न्हाई."

"मंग राशीनच्या पाव्हन्यांचा दोनदा फोन येऊन गेला. येत्या रविवारी येऊ का म्हनत्यात. या म्हनून कळवू?"

मच्छिंद्रने सवयीने तोंड उघडलं. उत्तर तयारच होतं, कुठलंही एक. या म्हण किंवा नको म्हण, दोन्ही त्याला सारख्याच जोरात ओरडता आली असती. त्याने तोंड मिटलं.

"थांब जरा," तो फोनमध्ये म्हणाला आणि मोबाईल छातीशी धरून पोरीकडे वळला. आवाज त्याने हगाम्यात ठेवायचा तेवढाच ठेवला. "राशीनचं पाव्हनं रविवारी येतो म्हनत्यात. काय सांगू?"

राजनंदिनीने त्याच्याकडे बघितलं. तिचा राग गेलेला नव्हता. तो एवढ्यात जाणारा नव्हताच. पण तिची नजर खाली गेली नाही.

"न्हाई म्हनून सांगा."

त्याने फोन कानाला लावला. "न्हाई म्हन त्यांना."

पलीकडे लंकाबाईचा आवाज चढला. चांगलं चालून आलेलं स्थळ, बागायत जमीन, हरली तर पाहुणे येतील असं ठरलं होतं ना, मग आता हा कुठला नवा कायदा? आणि न्हाई म्हणणारं हे नेमकं कोण?

"पैलवान," मच्छिंद्र म्हणाला.